नगरला सहा तास: काय करावे, काय टाळावे

(शिर्डी-शिंगणापूरच्या वाटेवर सहलीची बस ज्यांना नगरला सकाळी आठला सोडते आणि दुपारी दोनला उचलते, अशा प्रवाशांसाठी.)

काय करावे

*वेळ, वाहन, क्रम*

• बस कोठून आणि किती वाजता सुटणार, हे उतरण्यापूर्वी चालकाच्या तोंडून ऐका आणि कागदावर लिहून घ्या.

• चालकाचा क्रमांक घरातल्या किमान दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

• ठरलेल्या वेळेआधी अर्धा तास परत या; बंदराला लागलेले जहाज उशीर करणाऱ्यासाठी थांबत नाही, चाळीस माणसांच्या बसनेही थांबू नये.

• एसटीने जाणार असाल तर स्टँडचे नाव पक्के विचारा. नगरात माळीवाडा, तारकपूर आणि पुणे स्टँड अशी तीन स्टँड आहेत.

• पाटीवर, तिकिटावर आणि नकाशात अहमदनगर व अहिल्यानगर ही दोन्ही नावे शोधा. गाव एकच आहे.

• रस्ता विचारताना नुसते ‘नगर’, ‘किल्ला’, ‘चांदबिबी’, ‘टँक म्युझियम’ म्हणा. रिक्षावाल्याला हीच नावे तोंडपाठ आहेत.

• रिक्षा किंवा जीप ठरवताना ठिकाणे, थांबण्याचा वेळ आणि एकूण पैसे तिन्ही आधी बोलून घ्या.

• तीनच ठिकाणे निवडा आणि ती नीट पाहा.

• क्रम असा धरा: सकाळच्या गारव्यात चांदबिबीचा डोंगर, उतरताना भिंगारवरून किल्ला, शेवटी फराहबाग किंवा टँक म्युझियम.

• डोंगराला जाऊन-येऊन दोन तास बाजूला काढा. तो शहरापासून पाथर्डी रस्त्याने बारा-तेरा किलोमीटर आहे.

• वयस्कर माणसे बरोबर असतील तर डोंगर त्यांच्या आवडीवर सोडा आणि किल्ला व फराहबाग पक्के ठेवा.

• शासनाचे ओळखपत्र प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात असू द्या. लष्करी दारावर एकाचे ओळखपत्र दुसऱ्याला चालत नाही.

• एसटीच्या सवलतीसाठी ज्येष्ठांचे आधार कार्ड वरच ठेवा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे.

• माणशी दोन लिटर पाणी घ्या. हा अवर्षणाचा मुलूख आहे आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो.

• टोपी, सुती कपडे, पकड असलेल्या चपला किंवा बूट वापरा. जुन्या दगडी पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत.

• छोटी विजेरी जवळ ठेवा. चांदबिबीच्या डोंगरावरच्या इमारतीत, तळघरात आणि भिंतीतल्या जिन्यात तिची गरज पडते.

• थंडीत सकाळी लवकर डोंगरावर जाणार असाल तर लहान मुलांना कानटोपी घाला. वारा बोचरा असतो.

*किल्ला*

• प्रवेशाची वेळ आणि नियम आदल्या दिवशी विचारून घ्या. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि नियम बदलतात.

• दारावरच्या वहीत नाव, गाव स्पष्ट लिहा आणि जवानाने विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर द्या.

• बरोबर परदेशी पाहुणे असतील तर त्यांच्या प्रवेशाचे आधी स्वतंत्र विचारा.

• सर्वांत आधी खंदकाच्या कडेला उभे राहून तट पाहा. किल्ला सपाटीवर आहे, त्याचे बळ उंचीत नसून खंदकात आणि बुरुजांत आहे.

• तटाचा दगड जवळून पाहा. अहमद निजामशहाच्या वेळचे मातीचे काम काढून हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात दगडी तट चढवला.

• मुलांना चांदबिबीची गोष्ट इथेच सांगा, डोंगरावर नव्हे. १५९६ मध्ये मोगलांच्या सुरुंगाने तट फुटला तेव्हा तिने रात्रीत भगदाड बुजवून घेतले ते याच ठिकाणी.

• पुढची गोष्टही लपवू नका आणि सांगून टाका: १६०० साली तिला तिच्याच माणसांनी मारले आणि त्यानंतर किल्ला मोगलांकडे गेला.

• नेत्यांच्या कोठड्यांना निवांत वेळ द्या. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य इथे आणून ठेवले गेले.

• प्रत्येक नाव वाचा: नेहरू, पटेल, आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, असफ अली, शंकरराव देव आणि बाकीचे, शाळेच्या पुस्तकातली ही माणसे एकाच आवारात कोंडली होती.

• वाचणाऱ्या मुलाला नेहरूंच्या खोलीपाशी दोन मिनिटे एकटे सोडा. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ मध्ये इथेच लिहिले गेले.

• आझादांचे नावही तितक्याच आदराने घ्या. ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे इथली आहेत आणि १९४३ मध्ये पत्नी वारली तेव्हाही ते इथेच बंदिवासात होते.

• आवारातल्या झाडांकडे लक्ष द्या. नेहरूंनी बंदिवासात बागकाम केले होते.

• इंग्रजांचा इतिहास आवडत असेल तर १२ ऑगस्ट १८०३ ही तारीख लक्षात ठेवा. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या वेलस्लीने त्या दिवशी हा किल्ला घेतला.

• वेळ उरला तर किल्ल्याजवळची दमडी मशीद पाहा. १५६७ सालचे तिचे कोरीवकाम नगरातल्या सगळ्या कामांत नाजूक आहे.

• दमडीची गोष्ट मुलांना सांगा, सांगताना ‘असे म्हणतात’ हे शब्द ठेवा: किल्ला बांधणाऱ्या कारागिरांनी मजुरीतली एकेक दमडी बाजूला टाकून ही मशीद उभारली.

*चांदबिबीचा डोंगर*

• इमारत कोणाची ते आधी जाणून घ्या: सगळे तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, पण ती मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे.

• खाली वाकून तळघरातल्या कबरींना आदराने पाहा आणि मगच वर चढा.

• जिन्यात एका वेळी एकाच दिशेने जा. वरून येणाऱ्याला आधी उतरू द्या.

• आठही बाजूंनी एकदा फेरी मारा. अष्टकोनाचा प्रमाणबद्धपणा एका बाजूने कळत नाही.

• वरून किल्ला, शहर आणि भिंगार ओळखा. खाली जे पाहणार आहात त्याचा नकाशा इथे फुकट मिळतो.

• मुलांचा हात धरा. वरच्या मजल्यांच्या कमानी उघड्या आहेत.

• घाटरस्त्यावर वळणाआधी हॉर्न द्या. सकाळी चालायला येणारी मंडळी रस्त्यावर असतात.

• आपला कचरा पिशवीत घालून शहरात आणा.

*फराहबाग आणि टँक म्युझियम*

• फराहबाग पाहाच. एक ठिकाण सोडावे लागले तर दुसरे सोडा, हे नको.

• महालाभोवती पाणी आहे अशी कल्पना करून उभे राहा. हा अष्टकोनी महाल तलावाच्या मधोमध बांधलेला होता आणि आज तो तलाव कोरडा आहे.

• मधल्या उंच दालनात शांतपणे थांबा. बाहेर ऊन असताना आत हवा कशी खेळते ते अंगाला कळू द्या.

• बांधणाऱ्याचे नाव विसरू नका: १५८३ साली काम पूर्ण करणारा सलाबतखान म्हणजे डोंगरावर ज्याची कबर पाहिलीत तोच.

• नगरची तुलना एकेकाळी बगदाद आणि कैरोशी झाली होती, ती का, हे विचारायला हीच जागा धरा.

• खापरी नळांची चौकशी करा. कापूरवाडीसारख्या लांबच्या गावांतून मातीच्या नळांनी पाणी आणून निजामशाहीत बागा आणि वाडे भिजवले जात.

• टँक म्युझियमचा सुट्टीचा वार आणि तिकीट आधी विचारा.

• मुलांना रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून सुरुवात करू द्या; तिथून आवडीच्या कारखान्यात बनलेल्या विजयंता रणगाड्यापर्यंत क्रमाने चाला.

• पॅटन रणगाड्यापाशी १९६५ चे युद्ध सांगा. घरात कोणी सैन्यात असेल तर त्यांनाच बोलू द्या.

• पाट्या वाचा. १९९४ मध्ये चिलखती दलाने उभारलेल्या या संग्रहालयात माहिती नेमकी दिलेली आहे.

*जुने शहर*

• माळीवाड्याच्या विशाल गणपतीला जा. माळीवाडा स्टँडपासून जवळ आहे आणि नगरचे ग्रामदैवत आहे.

• पुरुषभर उंचीहून मोठी ती मूर्ती बाजूला उभे राहून पाहा, मागच्यांना दर्शन मिळू द्या.

• सीनेकाठच्या बागरौझात जा; शहर वसवणाऱ्या अहमद निजामशहाची काळ्या दगडातली कबर तिथे आहे.

• दर्गादायऱ्याला जाणार असाल तर डोके झाका. मालोजीराजांनी शाह शरीफांना नवस केला आणि मुलांची नावे शहाजी, शरीफजी ठेवली अशी परंपरा आहे.

• कोठला मशिदीत जाताना पादत्राणे बाहेर काढा आणि तिथल्या माणसाला विचारून पुढे व्हा.

• तोफखाना भागातून जाताना सांगा की विजापूरची मुलूख-मैदान तोफ १५४९ साली नगरात ओतली गेली.

• ह्यूम चर्च पाहायचे असेल तर प्रार्थनेची वेळ टाळून जा आणि आत बसायला परवानगी मागा.

• लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली असतील तर चर्चच्या आसपासच्या गल्ल्या पायी हिंडा, ना. वा. टिळकांचे कितीतरी दिवस नगरात गेले.

• मुली बरोबर असतील तर सांगा की सावित्रीबाई फुले शिक्षिकेचे शिक्षण घ्यायला नगरला मिस फरार यांच्याकडे आल्या होत्या.

• ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागद पाहायचे असतील तर आधी फोन करा. अभ्यासकाला मदत मिळते, घाईवाल्याला मिळत नाही.

• कापडबाजारात खरेदी करायची तर शेवटचा पाऊण तास ठेवा, त्याहून जास्त नको.

• दुकानदाराशी मराठीत बोला. ‘काका’, ‘ताई’ म्हणून विचारलेला भाव सरळ सांगितला जातो.

*वेगळी वाट निवडाल तर*

• मेहेराबाद निवडलेत तर डोंगर सोडा. मेहेराबाद जिथे आहे ते अरणगाव दौंड रस्त्यावर आहे आणि दोन्ही दिशा एका सकाळी जमत नाहीत.

• मेहेरबाबांच्या समाधीपाशी मौन पाळा. १० जुलै १९२५ पासून १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत ते बोलले नव्हते.

• ३१ जानेवारीच्या सुमारास जाणार असाल तर गर्दीची तयारी ठेवा; तो अमरतिथीचा दिवस आहे.

• हिवरेबाजारला जायचे तर ग्रामपंचायतीला आधी कळवा आणि माहिती देणाऱ्याचा वेळ मोकळा आहे का ते विचारा.

• गावात पाण्याचा हिशोब कसा ठेवतात हे विचारा. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने उपशावर आणि पिकांवर गावाने स्वतःला घातलेले निर्बंध ऐकण्यासारखे आहेत.

*खाणे*

• न्याहारी डोंगराआधी करा. वर चहासुद्धा मिळेल असे धरू नका.

• शिपी आमटी पहिल्यांदा अर्धी वाटी घ्या. तिखट उशिरा चढते.

• आमटीबरोबर बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी मागा, चपाती नको.

• रविवार असेल आणि वाहन आपले असेल तर आगडगावच्या काळभैरवनाथाची आमटी-भाकरी घ्या. पंगतीत बसा, वाढतील ते संपवा.

• उसाचा रस बर्फाशिवाय मागा.

काय टाळावे

*वेळ, वाहन, क्रम*

• सहा तासांत सात ठिकाणे बसवू नका. गाडीच्या खिडकीतून पाहिलेले मोजू नका.

• स्वतःच्या गाडीने येत असाल तर पुण्याकडून येताना उड्डाणपुलावर चढू नका. शहर खाली राहते आणि वळून यायला वेळ जातो.

• ‘पाच मिनिटांत आलो’ असे फोनवर सांगून बस थांबवू नका.

• गटातून न सांगता निघू नका; शोधायला जाणाऱ्याचा किल्ला बुडतो.

• दागिने घालून आणि मोठी रोकड घेऊन बाजारात व डोंगरावर जाऊ नका.

• शनिअमावस्येला हा बेत आखू नका. शिंगणापूरच्या दिशेने वाहतूक तुंबते.

• रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा या दिवशी शिर्डीच्या वेळेचा भरवसा धरू नका.

• मोहरमच्या नवव्या-दहाव्या दिवशी जुन्या शहरात गाडी घालू नका. मिरवणुकीसाठी रस्ते बदललेले असतात.

• नेवासे याच सहा तासांत कोंबू नका. पैस खांबापुढे घाईने डोके टेकवून निघणे ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्या जागेला शोभत नाही.

• चौंडीही ‘जाता जाता’ करू नका; अहिल्यादेवींचे जन्मगाव जामखेड तालुक्यात आहे, त्याला वेगळा दिवस द्या.

• ठरलेल्या भाड्यावर रिक्षावाल्याशी उतरताना हुज्जत घालू नका. जादा थांबवले असेल तर जादा द्या.

*किल्ला*

• दार, चौकी, जवान आणि लष्करी वाहने यांचे फोटो काढू नका. विनोद म्हणूनही नाही.

• ड्रोन आणू नका, पिशवीत बंद करूनही नाही.

• ‘आम्ही साहेबांच्या ओळखीचे’ हे वाक्य उच्चारू नका. दारावरचा जवान आपले काम करतो आहे.

• प्रवेश नाकारला तर वाद घालू नका. बाहेरून तट आणि खंदक पाहून दमडी मशिदीकडे वळा.

• नेमून दिलेली वाट सोडू नका. मोकळी दिसणारी जागाही लष्कराची आहे.

• तटाच्या कडेवर बसू नका, मुलांना बसवू नका.

• खंदकात दगड, बाटली, निर्माल्य काहीही टाकू नका.

• कोठडीच्या खोल्यांत मोठ्याने बोलू नका, खाऊ वाटू नका.

• तिथल्या वस्तूंना हात लावू नका. नेत्यांच्या खुर्चीत बसून फोटो काढणे हा त्यांचा अपमान आहे.

• नेहरू की पटेल हा वाद या आवारात काढू नका. दोघेही याच भिंतींच्या आत होते.

• दमडी मशिदीत नमाजाच्या वेळी, विशेषतः शुक्रवारी दुपारी, फिरू नका.

*चांदबिबीचा डोंगर*

• चांदबिबी इथे पुरली आहे असे मुलांना सांगू नका.

• महालापासून किल्ल्यापर्यंत भुयार असल्याच्या गोष्टी खऱ्या म्हणून पसरवू नका.

• भिंतीवर नाव, बाण, बदाम कोरू नका. संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

• दुसऱ्याने कोरलेले दिसले म्हणून खडूने लिहिणे चालते असे समजू नका.

• कबरीवर बसू नका, तिच्यावर पिशव्या ठेवू नका.

• तळघरात आवाज घुमतो म्हणून ओरडू नका. कोणाची तरी कबर आहे.

• कमानीच्या काठावर पाठमोरे उभे राहून सेल्फी घेऊ नका. हा नियम मोडणाऱ्याला बरोबरच्यांनी मागे ओढावे.

• जिन्यात थांबून फोटो काढू नका. मागे रांग अडकते आणि अंधारात पाय निसटतो.

• दारूच्या बाटल्या वर नेऊ नका. फुटलेली काच अनवाणी पोराच्या पायात जाते.

• स्पीकरवर गाणी लावू नका.

• उन्हाळ्यात विडी-सिगारेट पेटवू नका. उतारावरचे वाळके गवत क्षणात पेट घेते.

• पावसाळ्यात धुके असेल तर घाट चढू नका.

• दुपारी बारानंतर लहान मुले आणि वृद्ध यांना वर नेऊ नका. सावली फक्त इमारतीची आहे.

• वर स्वच्छतागृह मिळेल असे धरून निघू नका.

• वानरांना किंवा कुत्र्यांना खाऊ घालू नका.

*फराहबाग आणि टँक म्युझियम*

• ‘काय, नुसती पडकी भिंत’ असे मुलांसमोर म्हणू नका. ती पडकी का राहिली ते विचारा.

• ताजमहालाची कल्पना फराहबागेवरून सुचली, असे छातीठोक सांगू नका. हे ऐकीव आहे, आणि महालाला मोठेपणासाठी त्याची गरज नाही.

• गच्चीच्या आणि घुमटाच्या कमकुवत भागांवर चढू नका.

• चुन्याच्या गिलाव्याचा तुकडाही आठवण म्हणून घेऊ नका.

• सुट्ट्या दगडांवर दगड रचू नका.

• कोरड्या तलावात गाडी उतरवू नका, क्रिकेट मांडू नका.

• लग्नाआधीचे फोटो काढायला परवानगीशिवाय पडदे, दिवे, धुराच्या कांड्या आणू नका.

• सूर्यास्तानंतर थांबू नका. स्मारक बंद होते आणि परतीचा रस्ता लष्करी वस्तीजवळून जातो.

• रणगाड्यावर चढू नका आणि मुलांना तोफेच्या नळीला लोंबकळू देऊ नका. उन्हात पोलाद भाजते.

• संग्रहालयात मुलांना ‘चला, चला’ करत ओढू नका. वेळ कमी असेल तर कापडबाजार कापा.

*जुने शहर*

• मंदिर, मशीद, दर्गा, चर्च कोठेही तोकडे कपडे घालून जाऊ नका.

• गाभाऱ्यात आणि मजारीपाशी न विचारता मोबाइल काढू नका.

• निजामशाही वास्तूंसमोर धर्मावरून शेरेबाजी करू नका. इथे मराठे सरदारांनीही उमेदीची वर्षे काढली आहेत.

• औरंगजेब भिंगारला वारला यावरून मोठ्याने वाद घालू नका. १७०७ हे साल सांगा आणि पुढे चला.

• शहराच्या नव्या-जुन्या नावावरून रिक्षावाल्याची, चहावाल्याची परीक्षा घेऊ नका. ज्याच्या तोंडी जे आहे ते त्याला म्हणू द्या.

• लोकांच्या दारात, ओट्यावर बसलेल्या बायकांचे फोटो न विचारता घेऊ नका.

• शाळेच्या आवारात न सांगता शिरू नका, इमारत कितीही जुनी असली तरी.

• बाजाराच्या अरुंद गल्ल्यांत मोठी गाडी घालू नका. बाहेर लावा आणि चाला.

• दुकानात पन्नास साड्या उलगडायला लावून ‘बस सुटते’ म्हणत उठू नका.

*वेगळी वाट निवडाल तर*

• मेहेराबादला सहलीचा गोंगाट नेऊ नका; तिथे लोक जगाच्या टोकांवरून शांत बसायला येतात.

• समाधीत विनापरवाना फोटो काढू नका.

• हिवरेबाजारात किंवा राळेगणसिद्धीत न सांगता कोणाच्या शेतात, घरात, शाळेत शिरू नका. तो लोकांचा राबता संसार आहे.

• ‘आमच्या गावात हे होणार नाही’ असे गावकऱ्यांना ऐकवू नका; त्यांनी ते करून दाखवले आहे.

• झाडाची फांदी, चाऱ्याची पेंढी, शेतातले कणीस तोडू नका. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळूनच ती हिरवाई उभी आहे.

*खाणे*

• आगडगावचा प्रसाद घरी न्यायला डब्यात भरून मागू नका. मागची पंगत उपाशी राहते.

• पानात टाकू नका. दुष्काळ सोसलेल्या मुलखात हे लगेच डोळ्यात भरते.

• डोंगर उतरल्यावर लगेच बर्फाचे सरबत पिऊ नका.

• तिखट खाऊन शिर्डीच्या रांगेत चार तास उभे राहण्याचे धाडस करू नका.

• उघड्यावर कापून ठेवलेली फळे घेऊ नका.

*पुढच्या रस्त्यावर*

• मनमाड रस्त्याने शिर्डी गाठायला नकाशा सांगतो तेवढ्याच वेळाचा हिशोब करू नका. एक तास जादा धरा.

• शिंगणापूरला घरांना दारे न ठेवण्याची परंपरा आहे म्हणून आत डोकावू नका; चौकट मोकळी असली तरी घर कोणाचे तरी आहे.

• पूजेचे ताट रस्त्यातच गाडी अडवणाऱ्याकडून घेऊ नका. देवस्थानाच्या खिडकीवर पावती घ्या.

• ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च या गाळप हंगामात रात्रीचा प्रवास ठेवू नका. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच याची खात्री नसते.

• दिवसाही उसाच्या दुहेरी ट्रॉलीला वळणावर ओलांडायला चालकाला भरीस घालू नका. मागची ट्रॉली रस्ताभर झोकांडी खाते.